माणसं मोजण्याबद्दल

अमरावती

चि. बाळ्यास,


परवा तुझ्या आईचा अकोल्याहून फोन आला होता. तू पुढच्या महिन्यात जहाजावर रुजू होणार हे सांगताना तिचा गळा दाटून आला. "आपल्या घरात कोनं समुद्र पायला? याच्याच डोक्यात कुठून आलं हे?" असं म्हणत होती. मी तिची समजूत काढली, पण समुद्राशी आपलं नातंच नाही हे तिचं म्हणणं मला पटलेलं नाही. १८६७ मध्ये आगगाडी नागपूरला पोचली, तेव्हापासून वऱ्हाडचा कापूस गाठी बांधून मुंबई बंदराकडे चालला आहे. यवतमाळ-मूर्तिजापूरची शकुंतला ही छोटी गाडी निघाली तीही याच कापसासाठी. गाठी गेल्या त्याच रुळांवरून माणसंही बोटीवर चढायला गेली. त्यातल्या एका बाईची हकीकत तुला निघण्याआधी कळायला हवी.

ॲनी फंक तिचं नाव. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियाची, मेनोनाइट पंथाची. १९०६ साली ती हिंदुस्थानात आली आणि छत्तीसगडातल्या जांजगीरला राहिली. हिंदी शिकली, आणि १९०८ मध्ये एका खोलीत सतरा मुलींची शाळा काढली. मुलींना शाळेत आणण्यासाठी घरोघर जाऊन काय काय बोलावं लागतं, हे मी इतकी वर्षं मास्तरकी केल्यामुळे जाणते. म्हणून त्या सतरा आकड्यापुढे मी हात जोडते. १९१२ च्या आरंभी आई अत्यवस्थ असल्याची तार आली आणि ती तातडीने निघाली. तिकडून मुंबई गाठायची तर सरळ वाट नागपूर, बडनेरा, अकोला, भुसावळ अशीच होती. मुंबईहून ती 'पर्शिया' नावाच्या बोटीने इटलीतल्या ब्रिंडिसीला उतरली आणि आगगाडीने इंग्लंडात पोचली. पुढचं तिकीट 'हॅवरफोर्ड' या बोटीचं होतं. पण तेव्हा इंग्लंडात कोळसा खाणींचा मोठा संप चालू होता, कोळशाअभावी बोटी धक्क्याला उभ्या होत्या. आई वाट पाहत असताना थांबायचं कसं? तिने थोडे जास्तीचे पैसे भरले आणि दुसऱ्या बोटीवर जागा घेतली. ती 'टायटॅनिक'.

१२ एप्रिलला बोटीवरच तिला अडतिसावं वर्ष पूर्ण झालं. १४ तारखेच्या रात्री बोट हिमनगावर आदळली आणि १५ च्या पहाटे दोन वाजून वीस मिनिटांनी बुडाली. तिने मिळालेली जागा एका आईला दिली अशी कथा तिच्या लोकांत सांगतात. मला मात्र ती जागा मुळात कमी का पडली, हाच प्रश्न सोडत नाही.

बोटीवर सुमारे बावीसशे माणसं होती. जीवनौका वीस, आणि त्या सगळ्या काठोकाठ भरल्या तरी ११७८ जणांच्या. आणि यात कायदा कुठेच मोडलेला नव्हता! ब्रिटिश व्यापार मंडळाच्या नियमात जीवनौकांची संख्या ठरायची ती बोट किती टनांची यावरून. दहा हजार टनांच्या वरच्या कुठल्याही बोटीला सोळा पुरे. 'टायटॅनिक' सेहेचाळीस हजार टनांवरची. तिने नियमापेक्षा चार जास्तच ठेवल्या होत्या. बोटीवर माणसं किती चढतात, हा प्रश्न त्या कोष्टकात कुणी विचारलेलाच नव्हता. पंधराशेच्या वर जीव गेल्यावर, १९१४ च्या जानेवारीत लंडनला राष्ट्रांनी करार केला. बोटीवर जितकी माणसं तितक्यांना जीवनौकेत जागा हवी, आणि बिनतारी यंत्रावर रात्रंदिवस माणूस हवा, हे त्यातून पुढे आलं. तुझ्या अभ्यासात 'सोलास' म्हणून जे जाड पुस्तक होतं, त्याचं मूळ हे.

आता 'पर्शिया'चं ऐक. ॲनीला सुखरूप इटलीला पोचवणारी हीच बोट १९१५ च्या डिसेंबरात इंग्लंडहून मुंबईकडे निघाली. महायुद्ध सुरू होतं. ३० तारखेला, क्रीट बेटाच्या दक्षिणेला, भर दुपारी माणसं जेवायला बसलेली असताना जर्मन पाणबुडीने तिच्यावर पाणतीर सोडला. काही मिनिटांत बोट तळाशी. ५१९ पैकी ३४३ माणसं गेली. या घटनेवर आजवर जे लिहिलं गेलं, त्यात कुणाचे लॉर्ड, कुणाच्या सेक्रेटरी, कपूरथळ्याच्या महाराजांचा तळाला गेलेला ऐवज, हेच पुन्हा पुन्हा येतं. पण 'पर्शिया' ज्या कंपनीची, तिच्या बोटी चालवत कोण होतं? डेकवर रत्नागिरी आणि गुजरातच्या किनाऱ्यावरचे खलाशी, त्यांच्यावर सारंग आणि टिंडेल. खाली भट्टीपाशी आगवाले, बहुतेक पंजाबकडचे मुसलमान. जेवणघरात गोव्याचे लोक. बुडालेल्यांत ते किती, त्यांच्या घरी कळवलं कुणी, हे त्या लेखनात शोधावं लागतं. याचं मला फार वाईट वाटतं.

१९२२ मध्ये तर याहून कठीण झालं. त्याच कंपनीची 'इजिप्त' ही बोट मुंबईला येत होती. २० मे रोजी फ्रान्सच्या किनाऱ्याजवळ दाट धुक्यात एका फ्रेंच बोटीने तिला धडक दिली आणि वीस मिनिटांच्या आत ती गेली. पोटात दहा लाख पौंडांवर सोनं-चांदी. प्रवासी फक्त ४४ होते, नोकरवर्ग त्यांच्या कितीतरी पट. ८६ च्या आसपास माणसं गेली, त्यात बहुतेक नोकरवर्गातलीच. वर्तमानपत्रांनी लगेच हिंदी खलाशांवर ठपका ठेवला की घाबरून त्यांनी नौकांकडे धाव घेतली. चौकशी झाली तेव्हा दोष कप्तानाकडे आणि त्याच्या मुख्य अधिकाऱ्याकडे आला. नौका उतरवण्याचा सराव नीट घेतलाच जात नव्हता. ज्याला कुठल्या नौकेपाशी उभं राहायचं हे कधी दाखवलंच नाही, त्याला धीर सुटला म्हणून दोषी धरणं हा माझ्या मते अन्याय आहे. सोनं मात्र विसरलं गेलं नाही. १९३२ मध्ये बुडी मारणाऱ्या इटालियन माणसांनी चारशे फूट खोल पाण्यातून ते वर काढायला सुरुवात केली.

हे सगळं फक्त साहेबांच्या बोटींवर घडलं असं समजू नकोस. लंडनचा करार होऊन तीस वर्षं उलटली होती तेव्हाची गोष्ट. १७ जुलै १९४७, आषाढी अमावस्या. 'रामदास' बोट सकाळी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघाली. भर पावसाळा, सणासाठी गावी निघालेली माणसं. काशाच्या खडकाजवळ बोट उलटली आणि सहाशेहून अधिक लोक गेले. मुंबई डोळ्यांना दिसेल इतक्या अंतरावर असताना शहराला काही तास पत्ता नव्हता, कारण बोटीवर बिनतारी यंत्रच नव्हतं. जे वाचले त्यांतले पुष्कळ रेवसच्या कोळ्यांनी काढले. मोठ्या बोटींसाठी झालेलं शहाणपण या गरिबांच्या बोटीपर्यंत पोचायला कुणाला घाई नव्हती.

तुला घाबरवायला हे लिहिलं नाही. तू अधिकारी म्हणून चढतो आहेस, तेव्हा तुझ्या हाताखाली वयाने तुझ्याहून मोठे खलाशी असतील. त्यांची नावं पहिल्या आठवड्यात पाठ कर. मुंबईत दोन दिवस मिळाले तर मस्जिद बंदरच्या खलाशीगृहात जा. पहिल्या महायुद्धात समुद्रातच राहिलेल्या दोन हजारांहून अधिक हिंदी खलाशांचं स्मारक तिथे आहे. माझ्या वतीने फुलं वाहा.

आईने तुझ्यासाठी शेवया आणि सांडगे करून ठेवले आहेत, जागा नाही म्हणून सोडून जाऊ नकोस. आणि एक. नौका उतरवण्याचा सराव दर महिन्याला व्हावाच लागतो असं तू मला सांगितलं होतंस. तुझ्या जहाजावर तो खरोखर होतो की वहीत सह्या करून उरकतात, हे पहिल्या पत्रात मला स्पष्ट लिही. आईला ते वाचून दाखवायचं की नाही, ते मी बघून घेईन.

तुझी,
मावशी