कोण गेलं?

परवा एका लग्नात पाहुण्यांच्या स्वागताला सनईऐवजी सारंगी होती. पोरगेलासा वादक फार गोड वाजवत होता. आमचे काका माझ्या कानाशी लागले, ‘‘कोण गेलं रे?’’

चेष्टा नव्हती ती. पंडित रामनारायण यांनी साथीला बसणारी सारंगी एकल मैफलीत आणण्यात हयात घालवली. आणि आकाशवाणी-दूरदर्शनने काय केलं, तर मोठं माणूस गेलं की नेहमीचे कार्यक्रम बंद, सारंगी सुरू. ती लाडिकपणा करू शकते, खट्याळही होते. पण आमच्या पिढीला ते ऐकूच येत नाही.

असाच एक दिवस, ३१ ऑक्टोबर १९८४. दिवाळीला आठवडा झाला होता, आकाशकंदील अजून गॅलरीतच होता. सकाळी सफदरजंग रोडवर इंदिरा गांधींना त्यांच्याच शीख अंगरक्षकांनी गोळ्या घातल्या. बीबीसीने त्या गेल्याचं केव्हाच सांगून टाकलं होतं. आकाशवाणीला संध्याकाळ लागली. रात्री दूरदर्शनवर सलमा सुलतान बातम्या वाचायला बसल्या तेव्हा अख्खा वाडा आमच्या खोलीत होता. वाड्यात टीव्ही तो एकच: कृष्णधवल, लाकडी शटरचा, वर आईने विणलेला क्रोशाचा रुमाल.

पुढचे दिवस पडद्यावर तीनमूर्ती भवन होतं. तोच चेहरा, तीच फुलं, शेजारून सरकणारी न संपणारी रांग. कॅमेरा हलायचा नाही. आजीने पहिल्याच सकाळी जाहीर केलं, ‘‘घरात मयत असताना चूल पेटत नाही.’’

‘‘आई, ते दिल्लीत आहे,’’ बाबा म्हणाले.

‘‘दिसतंय ना इथे?’’

यावर बाबांकडे उत्तर नव्हतं. तडजोड अशी निघाली की शटर ओढलेलं असेल तेवढ्या वेळात स्वयंपाक करायचा. पिठलं-भात खाऊन झाला की पुन्हा शटर उघडायचं. टीव्हीसमोर चिवडा खाणाऱ्या शेजारच्या बंड्याला तिने बखोटीला धरून जिन्यात नेऊन बसवलं. आणीबाणीत काकांना उचललं होतं तेव्हा याच आजीने इंदिराबाईंच्या नावाने बोटं मोडली होती. ते सगळं कुठे गेलं, कुणी विचारलं नाही. ‘‘एवढी बाई, नि दारातच...’’ एवढंच पुटपुटत ती डोळ्यांना पदर लावायची. ३ नोव्हेंबरला यमुनेकाठी राजीवनी अग्नी दिला, तशी तिने बंब पेटवला आणि वाड्यातल्या झाडून सगळ्यांना न्हायला लावलं. वरच्या मजल्यावरचे प्राध्यापक स्वतःला विज्ञाननिष्ठ म्हणवत. तेही टॉवेल घेऊन मुकाट्याने रांगेत उभे होते.

पण त्या रांगेच्या चित्रामागून एक आवाज येत होता. खून का बदला खून. अधूनमधून, मग बराच वेळ. आजीला हिंदी बेताचीच. ‘‘मयताच्या दारात असं ओरडतात का?’’ एवढंच तिने विचारलं. बाबांनी आवाज बारीक केला. दिल्लीतल्या त्रिलोकपुरी, मंगोलपुरी, सुलतानपुरी या वस्त्यांची नावं आम्हाला नंतर छापील कागदावर भेटली. एकट्या दिल्लीत २,७३३ शीख मारले गेले, हा सरकारी आकडा तर कित्येक वर्षांनी. दूरदर्शनचा कॅमेरा फुलांवरून हलला नाही. घोषणा मात्र त्याने घरोघर पोचवल्या. हे अनवधानाने झालं, असं म्हणणाऱ्यांवर माझा फारसा विश्वास नाही.

माझ्या भावाचं दुःख वेगळंच होतं. ३१ तारखेलाच सियालकोटला भारत-पाकिस्तान वन-डे चालू होती. बातमी येताच सामना थांबला, दौराच गुंडाळला. दिलीप वेंगसरकर तेव्हा ९४ वर नाबाद होता. वन-डेत त्याच्या नावावर शतक एकच लागलं. भावाच्या हिशेबात ती दोन आहेत, आणि त्यावर तो आजही वाद घालायला तयार असतो.