आलू दसऱ्यानंतरच का?

नरसी नामदेव,
ता. जि. हिंगोली

चि. सोनूस,


परवा फोनवर तू विचारलंस ते घाईत सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून लिहायला बसलो. कॉर्कमध्ये तुला जमिनीचा तुकडा भाड्यानं मिळाला, आणि शेजारच्या वाफ्यातली बाई म्हणते की आलू लावायचे ते सेंट पॅट्रिकच्या दिवशी, १७ मार्चला. तुझ्या डोक्यात मात्र आजीचं पक्कं बसलेलं: दसऱ्याच्या आधी आलूला हात लावायचा नाही आणि शिवरात्रीच्या आत काढून मोकळं व्हायचं. दोघींपैकी खरं कोणाचं, असं तू विचारलंस. दोघींचंही. आजीचा नियम कुठून आला ते समजलं की तुझ्या तिथल्या वाफ्यांचं गणितही तुला मांडता येईल.

आलूला जमिनीखाली पोसायला गार रात्र लागते. रात्रीचा पारा वीसच्या वर राहिला की झाड नुसतं पाल्यात जातं, खाली गोळा धरत नाही. आपल्याकडे तशा रात्री कोजागिरीनंतर सुरू होतात, आणि शिवरात्रीला थंडी शिव शिव करत निघून जाते. मधले चार महिने तेवढे आलूचे. तुमच्याकडे हिवाळ्यात जमीन गार आणि चिंब असते, वर हिमाचा मार, म्हणून वसंतात लावून उन्हाळ्यात काढतात. तुमच्या जुलैतली रात्र आणि आपल्या पौषातली रात्र साधारण सारखीच गार. म्हणजे झाड दोन्हीकडे एकाच हवेत वाढतं, पंचांग तेवढं वेगळं. आपल्याच राज्यात आंबेगाव तालुक्यातल्या सातगाव पठारावर लोक पावसाळ्यात आलू घेतात, कारण तिथं उंची आहे. आपल्या कयाधू नदीच्या काठावर ते जमायचं नाही.

हे झालं हवेचं. आजीचा हिशोब मात्र हवेपासून सुरू व्हायचा नाही, तो ताटापासून सुरू व्हायचा. कोणत्या दिवशी कोणाच्या ताटात काय लागणार हे आधी ठरवायची आणि तिथून मागं मागं येत पेरणीचा दिवस काढायची. महालक्ष्म्यांना सोळा भाज्या लागतात, म्हणून दोडका, कारलं, चवळी, भेंडी, गवार ही सगळी मृगाच्या पावसाबरोबर कुंपणाला आणि बांधाला. भोगीला वांगी, वाल, गाजर, हरभऱ्याचे सोलाणे एकाच दिवशी तयार हवेत. गाजराला तीन महिने लागतात, तर ते दसऱ्याच्या आसपास पेरलंच पाहिजे. मेथी महिन्याभरात येते, ती दर पंधरवड्याला एक वाफा अशी टाकत राहायची, म्हणजे बाजाराला रोज जुडी निघते.

वांग्याचं गणित मला सगळ्यात आवडतं. आपलं गाव माळकऱ्यांचं. कांदेनवमीला भरीत खाल्लं की चातुर्मासभर घरोघरी कांदा, लसूण, वांगं बंद. त्या चार महिन्यांत गावात वांगं पिकवून कोणाला विकणार? पुन्हा चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य झाला की सगळ्यांनाच वांगं हवं असतं, आणि तेव्हा भावही असतो. लागवडीपासून पहिला तोडा दोन-सव्वादोन महिन्यांनी. म्हणून रोप पोळ्याच्या सुमारास टाकायचं आणि भाद्रपद सरता सरता लावायचं. आज पोळा होऊन गेलाय, वाफ्यात रोपं बोटभर झालीत, आणि अजून तीच तारीख चालू आहे.

आता आलू आणि शिवरात्र. औंढ्या नागनाथाची जत्रा म्हणजे सगळ्या जिल्ह्याचा उपवास. आलू, रताळी, शेंगदाणे, भगर, साबुदाणा, यांना त्या आठवड्यात जेवढं गिऱ्हाईक, तेवढं वर्षात फार थोड्या वेळा. दसरा झाल्यावर लावलेला आलू माघात काढून, आठ दिवस सावलीत सुकवून बाजारात न्यायला बरोबर वेळ सापडते. रताळ्याचे वेल त्याच्या आधीच, पावसाळ्यात लावलेले असतात. तसं पाहिलं तर आपल्याकडे त्याहून मोठी गर्दी परतवारीला, आषाढ वद्य एकादशीला. पंढरपूरहून परतणारे लाखो लोक नामदेव महाराजांच्या दर्शनाला येतात आणि सगळे उपवासाचे. पण त्या दिवसासाठी आजीनं आलू कधी धरला नाही. माघात काढलेला आलू चैत्र-वैशाखाच्या उन्हात घरात टिकत नाही, सडतो नाहीतर मोड येऊन सुकतो. शीतगृह असेल तर गोष्ट वेगळी. परतवारीचा आलू तेव्हाही बाहेरच्या मंडीतून यायचा, आजही येतो.

तुला एक गोष्ट सांगतो, तिथल्या मैत्रिणींना सांगायला बरी आहे. आपल्या उपवासाच्या ताटातला आलू, रताळं, भुईमूग, राजगिरा, मिरची आणि साबुदाणा ज्याच्यापासून होतो तो कंद, हे सगळं मूळचं अमेरिका खंडातलं. पोर्तुगीज इकडे आल्यानंतरच्या काळात ते आपल्याकडे रुजलं. नामदेव महाराजांचा जन्म आपण १२७० चा मानतो. त्यांच्या एकादशीला यातलं काहीच नव्हतं. परक्या मुलखातून आलेली पिकं आपल्या माणसांनी थेट देवाच्या दिवसात बसवली. मला याचा अभिमान वाटतो.

बियाण्याबद्दलही विचारलं होतंस. वांगं, दोडका, वाल, मेथी यांचं बी आजी राखेत घालून मडक्यात ठेवायची. आलूचं मात्र तिनं घरचं बियाणं कधी ठेवलं नाही, दर वर्षी विकत घ्यायला लावायची. यामागं नीट कारण आहे. मावा हा किडा आलूत विषाणू सोडतो. झाड मरत नाही, पण त्याच गोळ्यांचं बियाणं धरत गेलं की दर वर्षी उतारा घटत जातो. पूर्वी म्हणून बियाणं थंड डोंगरातून आणावं लागायचं, कारण तिथं मावा कमी. १९४९ साली पाटण्याला सुरू झालेली आणि पुढं शिमल्याला गेलेली केंद्रीय आलू संशोधन संस्था, तिच्या शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं की उत्तरेच्या मैदानातही हिवाळ्याचे काही आठवडे मावा जवळजवळ नसतो. त्या आठवड्यांत बियाणं वाढवायचं आणि मावा वाढण्याआधी पाला कापून टाकायचा. तेव्हापासून पंजाब, विशेषतः जालंधरचा भाग, देशाचं आलूचं बियाणं पिकवतो. आपल्या शेतकऱ्यांसाठी एवढं मोठं काम झालं आणि त्या लोकांची नावं गावात कोणाला ठाऊक नाहीत, याची मला खंत वाटते.

गोणीवर जालंधर लिहिलेलं वाचून दाखवलं की आजी गोणीला हात लावून नमस्कार करायची. नामदेव महाराज पंजाबात गेले, घुमानला राहिले, त्यांची ६१ पदं गुरु ग्रंथ साहिबात आहेत, आणि म्हणून शीख यात्रेकरू आपल्या गावात येतात. तिच्या लेखी ते बियाणं महाराजांच्या दुसऱ्या घरून आलेलं होतं.

जमिनीचंही तिनं ठरवून ठेवलं होतं. हळदीचं वावर फाल्गुनापर्यंत अडलेलं, ते सोडून द्यायचं. काळ्या चिकट रानात पाणी साचून आलू सडतो आणि काढताना ढेकळांत फुटतो, म्हणून नदीकडचा गाळाचा पट्टा. तोही आधी सोयाबीन निघालेला. वांगी, टोमॅटो, मिरची जिथं झाली तिथं आलू नाही, कारण ही सगळी एकाच कुळाची, एकाचा रोग दुसऱ्याला भोवतो. हे तू तिथंही पाळ. वाफ्यांचा नकाशा वहीत काढून ठेव, दोन वर्षांनी कुठं काय होतं ते आठवत नाही.

आणि आयर्लंडात राहून तुला करप्याची गोष्ट मी काय सांगू? १८४५ साली तिथं आलूवर करपा आला. गरिबांच्या शेतात बहुतेक ‘लंपर’ ही एकच जात, आणि पोटालाही आलूच. दहा लाखांच्या आसपास माणसं गेली, तितकीच देश सोडून गेली. तोच करपा आपल्याकडेही येतो, पौषात आभाळ आलं, धुकं पडलं की दोन दिवसांत पाला काळा पडतो. म्हणून एकाच जातीवर सगळं टाकायचं नाही. मी यंदा ‘कुफरी लवकर’ आणि ‘कुफरी सूर्या’ अशा दोन जाती घेणार आहे. पहिली आपल्या पठारासाठीच निवडलेली, पटकन पोसणारी. दुसरी थोडी उष्ण रात्र सोसते, आणि आता दिवाळीतही पूर्वीसारखी थंडी पडत नाही.

बियाणं गुंठ्याला पंधरा ते वीस किलो लागतं, त्यावरून तुझ्या तुकड्याचं काढ. मी अख्खे छोटे गोळे लावतो, कारण आश्विनात जमीन अजून ऊन असते, कापलेली फोड सडते. तुझ्याकडे मार्चात जमीन गार असेल, मोठा गोळा कापून लावलास तरी चालेल, प्रत्येक फोडीवर दोन डोळे असू देत. महिन्यानं मातीची भर लाव, उघडा पडलेला आलू हिरवा होतो आणि हिरवा खायचा नाही. काढायच्या आधी आठ-दहा दिवस पाणी बंद कर, म्हणजे साल घट्ट होते.

पण हे सगळं नंतरचं. आधी तुझ्या ताटाची यादी कर. तुझ्याकडे कोण कोण जेवायला येतं, कोणत्या सणाला, मेथी-शेपू तिथं बाजारात मिळतो की नाही, ते लिही. जे मिळत नाही ते आधी पेर. तिथं हिमाचा शेवटचा दिवस साधारण कधीचा धरतात तेही शेजारणीला विचारून कळव, मग महिन्यावार आखून पाठवतो. मेथीचं बी इकडून टपालानं पाठवायला कायद्याची अडचण आहे असं तुझे बाबा म्हणतात, तेव्हा तिथल्याच भारतीय दुकानातली मेथी आणून मूठभर भिजवून बघ, उगवली तर तेच बी.

तुझा,
काका