छान देखाव्याच्या गावात लपाछपी

'बुओना व्हिस्टा' म्हणजे इटालियनमध्ये छान देखावा. आमच्या अकराव्या मजल्यावरून तो दिसतोही. एकीकडे उंचावरच्या रुळांवरून सरकणारी एम.आर.टी., दुसरीकडे वन-नॉर्थच्या काचेच्या इमारती. अशा सगळं दिसणाऱ्या ठिकाणी आम्ही (म्हणजे अस्मादिक, सौ.चा यात सहभाग नाही) गेल्या वर्षी नऊ दिवस लपून बसलो होतो. त्याची ही हकीकत. पण त्याआधी चिरंजीवांचा खेळ समजावून सांगायला हवा.

चिरंजीव तेरा वर्षांचे. दर शनिवारी त्यांचे तीन मित्र येतात, एक चिनी, एक तमिळ, एक मलय, आणि आमच्या जेवणाच्या टेबलावर 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'चा डाव मांडतात. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघा अमेरिकनांनी १९७४ साली हा खेळ बाजारात आणला. यात जिंकणं-हरणं असं काही नसतं. प्रत्येकानं एक पात्र घ्यायचं, एकानं सूत्रधार व्हायचं. सूत्रधार प्रसंग सांगतो, बाकीचे 'मी अमुक करतो' म्हणतात, आणि जमेल की नाही अशी शंका असेल तिथं वीस पैलूंचा फासा टाकायचा. थोडक्यात, आपल्या गणपतीतल्या नाटकासारखंच, फक्त संहिता नाही आणि तालमीही नाहीत!

त्या शनिवारी तमिळ मित्र तापानं आजारी पडला. त्याचा बुटका चोर चालवायला माणूस हवा होता, म्हणून आमची भरती झाली. सूत्रधार अर्थातच चिरंजीव. प्रसंग असा: किल्ल्याचं दार, दारात मशाल, मशालीखाली पहारेकरी. आमचा चोर एका खांबाआड.

आम्ही पडलो इंजिनिअर. खेळण्याआधी मॅन्युअल वाचायचं, ही आमची जुनी खोड. लपण्याचा नियम काढून वाचला. २०१४ च्या पुस्तकात तो जरा मोघम होता. लपण्याजोगी परिस्थिती आहे का ते सूत्रधारानं ठरवायचं, आणि जो तुम्हाला स्पष्ट पाहू शकतो त्याच्यापासून लपता येत नाही, इतकंच. २०२४ च्या सुधारित पुस्तकात मात्र आकडा आला. दाट अंधार किंवा निदान तीन चतुर्थांश आडोसा हवा, शत्रूच्या नजरेबाहेर असायला हवं, मग फासा टाकायचा आणि चपळाईचे गुण मिळवून १५ किंवा जास्त आले की तुम्ही 'अदृश्य'. आवाज कुजबुजीपेक्षा मोठा झाला, हल्ला केला, तोंडानं मंत्र म्हटला किंवा शत्रूला तुम्ही सापडलात, की अदृश्यपणा संपला.

आम्ही फासा टाकला. सतरा! वर सात. चोवीस.

"आता मी खांबामागून निघतो आणि पहारेकऱ्याच्या समोरून आत जातो," आम्ही म्हणालो.

"बाबा, तो दाराकडेच बघतोय. तू त्याला दिसणार."

"असं कुठं लिहिलंय? आडोसा सोडला की अदृश्यपणा जातो, हे यादीत नाहीच. मी बोललो नाही, हल्ला केला नाही."

"'सापडलात' हे आहे ना यादीत? उजेडात समोर येऊन उभा राहिलास तर सापडलासच की. त्याला फासा कशाला हवा?"

हा वाद आम्ही तब्बल वीस मिनिटं चालवला. चिनी आणि मलय मित्रांनी तेवढ्यात चकल्यांचा डबा संपवला. शेवटी आम्ही इतिहासात शिरलो. म्हटलं, महाराजांनी काय केलं? १६६६ साली आग्र्याहून निसटले ते मिठाईच्या पेटाऱ्यांतून, असं सांगतात. ठीक, तिथं आडोसा होता. पण १६६३ साली पुण्यात लाल महालावर छापा घातला तेव्हा? लग्नाच्या वरातीत मिसळून शहरात शिरले म्हणतात. कुठं होता खांब?

चिरंजीव क्षणभर विचारात पडले. मग म्हणाले, "पेटारा म्हणजे पूर्ण आडोसा. ते लपणं. पण वरातीत ते लपले नव्हतेच ना? सगळ्यांना दिसत होते. बघणाऱ्यांना फक्त वाटलं, वऱ्हाडी आहेत. ते फसवणं झालं. त्याचा फासा वेगळा. आणि समोरचा तुम्हाला किती ओळखतो त्यावर ते अवलंबून."

यावर आम्हाला उत्तर सुचलं नाही. कारण चिरंजीव नकळत (असं आम्हाला तेव्हा वाटलं) आमच्याबद्दलच बोलत होते.

झालं होतं असं. इथं एन.यू.एस.मधून मास्टर्स केलं, नोकरी लागली, पी.आर. झालो, आणि ज्या कंपनीत अकरा वर्षं काढली तिनं एका गुरुवारी आमचा अख्खा विभागच बंद केला. लॅपटॉप आणि कार्ड परत घेतलं. घरी येऊन सांगायचं ठरवलं होतं. पण सांगलीहून आईचा फोन आला, मग जेवणं झाली, मग उद्या सांगू म्हटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी इस्त्रीचा शर्ट घातला, बॅग उचलली आणि आठच्या ठोक्याला बाहेर पडलो. गिम मोच्या हॉकर सेंटरमध्ये एक कोपी घेऊन अर्ज पाठवत बसायचं, दुपारी लायब्ररीच्या एसीत, संध्याकाळी सातला घरी. नऊ दिवस! बुओना व्हिस्टात सकाळी बॅग घेतलेला माणूस म्हणजे वरातीतला वऱ्हाडीच. कोण बघतंय?

मुलं गेली. चिरंजीव फासे गोळा करत होते. वर न बघता म्हणाले, "बाबा, मंगळवारी मी बसमधून गिम मोला तुला पाहिलं. बुधवारी पण. आजारी आहेस का तू?"

नोकरी गेली का, हे त्याच्या मनातही नव्हतं. त्याला वाटलं, आम्हाला काही मोठं दुखणं झालंय. चार दिवस पोरगं ते एकटंच मनात धरून बसलं होतं. आमच्या लपण्याची किंमत तो भरत होता, हे ऐकल्यावर आमचे हातपाय गळाले.

रात्री सौ.ना सांगितलं. त्या म्हणाल्या, "बॅग चपटी झाली तेव्हाच कळलं मला. लॅपटॉप नव्हता तिच्यात. म्हटलं, तू सांगशील." त्या खेळात 'पॅसिव्ह पर्सेप्शन' नावाचा एक आकडा असतो. मुद्दाम न शोधता, नुसतं वावरताना माणसाच्या किती लक्षात येतं, ते तो सांगतो. पहारेकऱ्याचा साधारण दहा-बारा. सौ.चा किती असेल ते वाचकांनीच ठरवावं!

लहानपणी सांगलीच्या वाड्यात आम्ही डबा ऐसपैस खेळायचो. 'ऐसपैस' हा इंग्रजी 'आय स्पाय'चा अपभ्रंश म्हणतात. ज्याच्यावर राज्य, तो नाव घेऊन ओरडला की आपण पकडलो गेलो. पण पकडला गेलेला गडी काही घरी जात नसे. तो डब्याजवळ उभा राहायचा, आणि बाहेरचा कुणीतरी धावत येऊन डबा उडवायचा की सगळे सुटायचे. मात्र जो इतका चांगला लपला की कुणाला सापडलाच नाही, तो तिन्हीसांजेला माळ्यावर एकटाच राहायचा. खाली खेळ मोडलेला असायचा.

आम्हाला नोकरी मिळायला पुढं चार महिने लागले. पगार थोडा कमी, बॅग पुन्हा जड. ती मिळाली तीही मंडळाच्या एका स्नेह्यानं शब्द टाकला म्हणून. आम्ही लपून राहिलो असतो तर त्यांना कळलं कसं असतं?

म्हणून ही जाहीर वाच्यता. आपल्यापैकीही कुणी रोज सकाळी बॅग घेऊन निघत असेल, तर त्यांनी एवढंच लक्षात ठेवावं की घरच्यांना आपण दिसत असतो. आडोसा सोडून डब्याजवळ येऊन उभं राहावं. उडवायला येईल कुणीतरी.

आणि हो, पहारेकऱ्यानं आमच्या चोराला पकडलं. तो अजून तुरुंगात आहे. तमिळ मित्र आमच्याशी बोलत नाही.