डोक्यातले आणि तोंडातले

आमच्या घरी अहिराणी बोलतात. शाळेत पुस्तकाची मराठी असते. वर्गात सातपुड्याकडची पावरा मुले आहेत, ती घरी पावरी बोलतात.

एकदा गुरुजींनी विचारले, "कपाशी वेचायला आली हे कसे ओळखाल?" माझ्या शेजारचा पावरा मुलगा उभा राहिला, पण गप्प. गुरुजी म्हणाले, "तुझ्या बोलीत सांग." मग तो भडाभडा बोलला. दुसऱ्या पावरा मुलाने ते मराठीत सांगितले. बोंड पूर्ण उमलावे, दव वाळावे, मग वेचावे. उत्तर बरोबर! घरी सांगितले तर आजी म्हणाली, "त्याले बठं समजस."

आपल्या जिल्ह्यातल्या आसोद्याच्या बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हते. काम करता करता त्या घरच्या बोलीत गाणी रचायच्या. त्या १९५१ साली वारल्या. १९५२ साली त्यांच्या गाण्यांचे पुस्तक निघाले. आज जळगावच्या विद्यापीठाला त्यांचे नाव आहे. शाळेची भाषा नव्हती म्हणून त्यांचा विचार अडला नाही.

पण नव्या शब्दाने नवा विचारही सुचतो. आंबा खाली पडतो हे आजीला ठाऊक आहे. 'गुरुत्वाकर्षण' हा शब्द शिकलो तेव्हा कळले, की चंद्रसुद्धा त्याच ओढीने पृथ्वीभोवती फिरतो.

म्हणून मित्रांनो, पुस्तकाची भाषा शिकू या, पण घरची बोली सोडायची नाही. आणि पालकांनो, पोरगं गप्प राहिलं म्हणजे त्याला अक्कल नाही, असे म्हणू नका. आधी त्याच्या बोलीत विचारून बघा.