नेसणं बदललं त्या गावात

मे महिन्यात महाड गाठावं ते सकाळीच. वीर स्टेशनावर उतरून रिक्षाने बाजारपेठेत शिरले तेव्हा दुकानं नुकती उघडत होती. इथल्या एका फॅशन डिझायनर बाईंना भेटायचं होतं. शिक्षण मुंबईला, काही वर्षं नोकरीही तिथेच, आणि मग माहेरच्या गावी परतून स्वतःचं बुटीक.

बुटीक पहिल्या मजल्यावर आहे. पूर्वी ते खाली होतं. 22 जुलै 2021च्या महापुरात बाजारपेठ पाण्याखाली गेली तेव्हा मशिनं, कापडाचे तागे, सगळं गाळात गेलं. "मशिनं परत घेता आली, ताई. पण मापांच्या वह्या गेल्या त्याचं फार वाईट वाटलं. गिऱ्हाइकांना पुन्हा बोलवून मापं घेतली, तेव्हा कुठे काम सुरू झालं." आता माप वहीतही उतरतं आणि फोनमध्येही.

कटिंगच्या टेबलावर खडूने आखलेले अंगरखे पडले होते. शिवरायांचा राज्याभिषेक 6 जून 1674चा. रायगडावर सोहळा तारखेलाही होतो आणि ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीलाही, म्हणून या दिवसांत इथल्या मशिनांना उसंत नसते. बाजारात तयार मिळणारे झगमगीत पॉलिस्टरचे अंगरखे बाईंना मान्य नाहीत. जूनच्या दमट उकाड्यात ते अंगाला चिकटतात आणि गड चढताना घेरात उसवतात. त्या सुती कापड घेतात, घेराला जास्तीची कळी घालतात, बंद त्याच कापडाचे करतात. शिवलेल्या नऊवारीचंही तसंच. काष्टा ताणून शिवला तर फोटोपुरता छान दिसतो, पण पायरी चढताना गुडघ्याशी अडतो. म्हणून प्रत्येक मुलीला माप देताना त्या एक पाय स्टुलावर ठेवून उभं राहायला लावतात. मोठमोठ्या दुकानांत मी नऊवारी पाहिल्या आहेत. चढणाऱ्या पायाचं माप घेतलेलं मात्र इथेच पाहिलं.

भिंतीवरच्या कॅलेंडरात 20 मार्चलाही लाल गोल होता. त्या सुमाराला पांढऱ्या साड्यांवरच्या निळ्या ब्लाउजांची कामं येतात. 20 मार्च 1927ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हजारो लोकांसह इथल्या चवदार तळ्याचं पाणी प्यायलं. तळं बुटीकपासून चालत जाण्याइतकं जवळ आहे. दुपारी आम्ही दोघी तिथे गेलो. काठावर उभं राहिल्यावर माझ्या मनात आली ती त्याच वर्षीची डिसेंबरमधली परिषद. मनुस्मृतीच्या दहनामुळे ती सर्वांना ठाऊक आहे. त्या परिषदेच्या वेळी बाबासाहेब स्त्रियांशी वेगळं बोलले होते. आखूड लुगडं आणि हातापायांतले जड दागिने पाहून लोक तुमची जात ओळखतात, तेव्हा ही राहणी सोडा, असं त्यांनी सांगितलं. बायकांनी ते लगेच मनावर घेतलं आणि पायघोळ लुगडं नेसायला सुरुवात केली. लक्ष्मीबाई टिपणीस आणि इंदिराबाई चित्रे यांनी त्यांना तसं नेसायला मदत केली. वेशभूषेच्या इतिहासात महाडच्या या प्रसंगाला मी फार वरची जागा देईन. फॅशन शिकवणाऱ्या प्रत्येक संस्थेत तो शिकवला गेला पाहिजे.

तिथून पोलादपूर. बाईंचं हातशिलाईचं काम तिथे चालतं. वाटेत सावित्रीवरचा पूल लागतो. जुना, इंग्रजी अमदानीतला पूल 2 ऑगस्ट 2016च्या रात्री पुरात कोसळला आणि एसटीच्या गाड्यांसह माणसं वाहून गेली. गाडीतलं बोलणं तिथे आपोआप थांबलं.

पोलादपूरला रस्ते फुटतात. एक कशेडीकडून खेडला जातो, दुसरा आंबेनळी घाटाने प्रतापगड-महाबळेश्वरकडे चढतो. याच तालुक्यात तानाजी मालुसऱ्यांचं उमरठ. घरटी कुणीतरी मुंबईला कामाला, त्यामुळे गणपतीला चाकरमानी आले की गावं भरतात. एका घराच्या पडवीत चार-पाच बायका काजं करत, हुक लावत बसल्या होत्या. काम नगावर. बाई प्रत्येक ब्लाउज उलटा करून आतली शिवण पाहत होत्या. एकीची हातशिलाई सैल निघाली तेव्हा शेजारी बसून त्यांनी ती उसवली आणि पुन्हा घालून दाखवली. त्या बाईने विचारलं, "आमी अख्खा अंगरखा कवा शिवायचा?" उत्तर आलं, "गणपती झाले की कटिंग शिकवते." पोलादपूरला एक मशीन आणायचं त्यांनी ठरवलं आहे.

रायगडाला जायचं असेल आणि अंगरखा किंवा नऊवारी हवी असेल, तर मुंबई-पुण्याहून तयार कपडे आणू नका. महाडच्या शिंप्याकडे शिवायला टाका. मात्र माप एप्रिलमध्येच द्या, मे उजाडला की इथे नवी कामं घेत नाहीत.