मूठभर माती

गच्चीवरच्या कुंड्यांतली माती पार दगड झाली होती. पाणी घातलं की कडेकडेनं वाहून जायचं. शेवटी ठरवलं, जीवामृत करून बघू. सुभाष पाळेकरांचं प्रमाण एकरासाठी, २०० लिटर पाण्याचं. मी त्याचा दहावा भाग धरला: पाणी २० लिटर, देशी गाईचं शेण १ किलो, गोमूत्र १ लिटर, गूळ आणि बेसन २००-२०० ग्रॅम. (बेसन बघून आई : "त्यापेक्षा भजी कर!")

राहिली मूठभर बांधावरची माती. तिच्यातले जिवाणूच गूळ-बेसनावर पोसतात, म्हणजे ते विरजणच की! पण निगडीत आता बांध कुठून आणू? आमचं शेत १९७०च्या दशकातच गेलं, तिथे इमारती उभ्या आहेत. दुर्गा टेकडीवरून आणते म्हटलं.

बाबा काहीच बोलले नाहीत. संध्याकाळी चहाच्या कपात माती घेऊन आले. शेजारच्या पार्किंगमागे आंबा आहे ना, त्याच्या बुंध्यातली.

"बांधावरचाच आहे तो," एवढंच म्हणाले.

रोज त्याच्याखालून स्कूटर काढते मी... मला माहीतच नव्हतं.

आता दोन दिवस बादली सावलीत ठेवून सकाळ-संध्याकाळ ढवळायची. काठी बाबांनी माझ्या हातातून कधीच काढून घेतलीय.