अर्ध्या मिलिमीटरचा बांध

जरा मोठी पोस्ट आहे. चहा घेऊन बसा.

तालुका कोर्टाच्या बातम्या करता करता वीसेक वर्षं गेली. तिथे एक प्रकार नेहमी दिसतो. दोघे भाऊ, जमीन भरपूर, भांडण मात्र हातभर बांधाचं. बांध कोरला म्हणून दावा, दाव्यावर तारखा, तारखांवर वकिलाची फी, आणि निकाल लागेपर्यंत दोघांच्याही पोरांनी जमीन विकून पुण्याला फ्लॅट घेतलेला. आज असंच एक भांडण सांगतो. यातले भाऊबंद जपानचे, बांध अर्ध्या मिलिमीटरचा, आणि बुडालेल्या पैशातला बराचसा गिऱ्हाइकांचा.

ब्लू-रे विरुद्ध एचडी डीव्हीडी. २००६ ते २००८ या दोन वर्षांत हे भांडण अमेरिकेत आणि जपानात जोरात चाललं होतं.

आधी तांत्रिक भाग, थोडक्यात. सीडी-डीव्हीडीवर माहिती अतिसूक्ष्म खड्ड्यांच्या रूपात असते आणि लेसरचा किरण ती वाचतो. किरणाची तरंगलांबी जितकी कमी, तितके खड्डे बारीक करता येतात, म्हणजे तेवढ्याच तबकडीवर जास्त माल मावतो. सीडीचा किरण ७८० नॅनोमीटरचा. डीव्हीडीचा लाल किरण ६५० चा. १९९० च्या दशकात जपानच्या निचिया कंपनीत शुजी नाकामुरा यांनी आधी झगझगीत निळा एलईडी आणि मग निळसर-जांभळा लेसर करून दाखवला, तेव्हा ४०५ नॅनोमीटरचा रस्ता उघडला. याच निळ्या एलईडीसाठी नाकामुरा, इसामु अकासाकी आणि हिरोशी अमानो यांना २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. आपल्या घरातला पांढरा एलईडी बल्बही त्याच शोधाचा नातू.

आता गंमत बघा. ब्लू-रे आणि एचडी डीव्हीडी, दोन्हींचा लेसर हाच. आकार तोच, सीडीएवढा. चित्र तेच, हाय डेफिनिशन. चित्र दाबून भरायच्या पद्धती त्याच. कॉपी होऊ नये म्हणून घातलेलं कुलूपसुद्धा मुळात एकच. शेजारी शेजारी दोन टीव्ही लावले असते तर कोणत्या टीव्हीवर कोणती डिस्क चालू आहे हे तुम्हा-आम्हाला ओळखता आलं नसतं.

फरक कुठे होता? माहितीच्या थरावर जे पारदर्शक आवरण असतं त्याच्या जाडीत. एचडी डीव्हीडीमध्ये ते ०.६ मिलिमीटर, म्हणजे साध्या डीव्हीडीइतकंच. त्यामुळे जुन्या कारखान्यात थोडे बदल करून डिस्क काढता यायची आणि ती स्वस्त पडायची. ब्लू-रेमध्ये आवरण फक्त ०.१ मिलिमीटर. भिंग जवळ आणता येतं, किरण जास्त बारीक होतो, जास्त मावतं. एका थरात २५ जीबी, दोन थरांत ५०. एचडी डीव्हीडीत १५ आणि ३०. पण आवरण इतकं पातळ की ओरखड्याची भीती. सुरुवातीला ब्लू-रे डिस्क प्लॅस्टिकच्या डबीत बंद करून द्यावी लागत होती. पुढे टणक लेप निघाला तेव्हा डबी गेली.

थोडक्यात एकाची बाजू स्वस्ताईची, दुसऱ्याची बाजू जास्त जागेची. दोन्ही बाजूंना अर्थ होता. गावात याला आपण म्हणतो, बसून मिटण्यासारखं प्रकरण.

आणि असं प्रकरण आधी एकदा मिटलंही होतं. डीव्हीडी यायच्या वेळी सोनी आणि फिलिप्स एका डिस्कवर काम करत होत्या, तोशिबा आणि तिच्या सोबतचे लोक दुसऱ्या. तेव्हा आयबीएमच्या पुढाकाराने संगणक कंपन्यांनी ठणकावलं की तुम्ही एक काय ते ठरवा, दोन आणाल तर आम्ही एकही घेणार नाही. १९९५ मध्ये समझोता झाला, एकच डीव्हीडी आली आणि जगभर पसरली. पुढे गल्लीबोळातल्या सीडी लायब्ररीत कोणती डीव्हीडी कोणत्या प्लेअरवर चालते हा प्रश्न कुणाला पडला नाही, त्यामागे हे १९९५ आहे.

दुसऱ्या वेळी दरडावणारा कुणी उरला नव्हता. फेब्रुवारी २००२ मध्ये सोनी, पॅनासॉनिकची मात्सुशिता, फिलिप्स, सॅमसंग, एलजी वगैरे नऊ कंपन्यांनी ब्लू-रे जाहीर केली. त्याच वर्षी तोशिबा आणि एनईसीने आपली वेगळी डिस्क पुढे केली, तीच पुढे एचडी डीव्हीडी झाली. २००५ मध्ये दोन्ही गट एकत्र बसले. आवरण ०.१ ठेवायचं की ०.६, इथे बोलणी अडली ती अडलीच. वरवर मुद्दा तांत्रिक, पण पोटात रॉयल्टी. ज्याची रचना मान्य होईल त्याला पुढची कित्येक वर्षं विकल्या जाणाऱ्या प्रत्येक डिस्कमागे आणि प्रत्येक यंत्रामागे पैसे. डीव्हीडीच्या पेटंटवर तोशिबाने ते चाखलं होतं. सोनीने व्हिडिओ कॅसेटच्या काळात बेटामॅक्स हरताना पाहिली होती. मग कोण मागे हटणार?

(बेटामॅक्स आणि व्हीएचएस हे नव्या पोरांसाठी सांगतो. आम्ही लहान असताना गणपतीत, लग्नात व्हीसीआर रात्रभर भाड्याने आणून एका रात्रीत तीन पिक्चर बघायचो. त्या जाडजूड कॅसेटा व्हीएचएसच्या. बेटामॅक्स आधी आली होती, १९७५ मध्ये. व्हीएचएस १९७६ ची. पण सुरुवातीची बेटामॅक्स कॅसेट तासाभराची आणि व्हीएचएस दोन तासांची. पिक्चर एका कॅसेटात मावायला नको का?)

२००६ च्या वसंतात तोशिबाचा प्लेअर अमेरिकेत ४९९ डॉलरला आला. जूनमध्ये सॅमसंगचा पहिला ब्लू-रे प्लेअर आला, ९९९ डॉलरला. म्हणजे तेव्हाच्या दराने पंचेचाळीस हजार रुपयांच्या आसपास. दुप्पट भाव असूनही ब्लू-रे टिकली, कारण नोव्हेंबर २००६ मध्ये सोनीने प्लेस्टेशन ३ मध्ये ब्लू-रे आतच बसवून दिली. पोरांनी गेम खेळायला यंत्र घेतलं आणि आईबापांच्या घरात न मागता ब्लू-रे प्लेअर आला. मायक्रोसॉफ्ट तोशिबाच्या बाजूला होती, पण त्यांच्या एक्सबॉक्स ३६० ला एचडी डीव्हीडीचा ड्राइव्ह वेगळा विकत घेऊन बाहेरून जोडावा लागे, आणखी १९९ डॉलर मोजून.

खरं भांडण मात्र चित्रपट कंपन्यांच्या अंगणात झालं. युनिव्हर्सल फक्त एचडी डीव्हीडीवर. सोनी, डिस्ने, फॉक्स फक्त ब्लू-रेवर. वॉर्नर आणि पॅरामाउंट दोन्हीकडे. ऑगस्ट २००७ मध्ये पॅरामाउंटने आणि ड्रीमवर्क्स ॲनिमेशनने अचानक ब्लू-रे सोडली. यासाठी दोघांना मिळून सुमारे १५ कोटी डॉलरचा मोबदला ठरल्याच्या बातम्या तेव्हा अमेरिकन वृत्तपत्रांत आल्या. आपल्याकडे झेडपीचे सदस्य सहलीला नेतात ना, त्याचाच हा हॉलिवूडचा प्रकार.

यात गिऱ्हाइकाची अवस्था काय? समजा पोराला डिस्नेचं कार्टून हवंय आणि बापाला युनिव्हर्सलचा पिक्चर. तर दोन यंत्रं घ्या. एलजीने दोन्ही डिस्क चालवणारा प्लेअर काढला, तो एवढा महाग की दोन वेगळे घेतलेले परवडावेत. त्यामुळे शहाण्या लोकांनी काय केलं? काहीच घेतलं नाही. जुना डीव्हीडी प्लेअर बरा म्हणून थांबले. दोन बैलांच्या झुंजीत पीक तुडवलं जातं ते असं.

नोव्हेंबर २००७ मध्ये वॉलमार्टने तोशिबाचा प्लेअर शंभर डॉलरच्या आत विकला. गर्दी झाली, लोकांनी आनंदाने घरी नेला. त्यानंतर दोनच महिन्यांत, ४ जानेवारी २००८ रोजी, वॉर्नरने जाहीर केलं की आता आम्ही फक्त ब्लू-रे काढणार. लास व्हेगासच्या मोठ्या इलेक्ट्रॉनिक्स प्रदर्शनाच्या तोंडावर हे झालं, आणि एचडी डीव्हीडी गटाला तिथली आपली पत्रकार परिषद रद्द करावी लागली. फेब्रुवारीत नेटफ्लिक्स, बेस्ट बाय आणि वॉलमार्ट एकाच आठवड्यात ब्लू-रेकडे गेले. १९ फेब्रुवारीला तोशिबाने हात वर केले.

ती तारीख माझ्या लक्षात राहायला कारण आहे. १९ फेब्रुवारी, शिवजयंती. मी तेव्हा जिल्ह्याच्या एका दैनिकात रात्रपाळीला होतो. पदविका होऊन काही वर्षं झालेली, पगार हाती येईल तो खरा. एजन्सीवर बातमी पडली, मी चार ओळी मराठीत केल्या. पानं मिरवणुकांच्या फोटोंनी भरलेली, फेटेवाल्या पाहुण्यांची नावं गाळायची सोय नाही. बातमी संक्षिप्तमध्ये गेली. पेज लावणाऱ्याने विचारलं, "ही डिस्क आपल्या इथे कुणाकडे आहे?" कुणाकडेच नव्हती. आदल्याच वर्षी मोझर बेअरने पिक्चरच्या व्हीसीडी २८ रुपयांत आणि डीव्हीडी ३४ रुपयांत बाजारात आणल्या होत्या. बसस्टँडबाहेर त्याहूनही स्वस्त मिळत, ज्यात पिक्चरच्या मध्येच थिएटरमधला माणूस उठून पडद्यासमोरून जायचा. आमची चैन तेवढीच.

तरी त्या चार ओळी मला पुढे बरेच दिवस आठवत राहिल्या. जगात लाखो लोकांनी दुकानदाराच्या भरवशावर एक यंत्र घेतलं, आणि काही माणसांनी एका बैठकीत ठरवल्यावर ते अडगळ झालं. कुणी कायदा मोडला नव्हता. माल खराबही नव्हता. त्याच्यासाठी नवे पिक्चर निघायचे फक्त बंद झाले.

बरं, जिंकलेल्यांचं काय झालं? तोशिबा २००९ मध्ये गुमान ब्लू-रेच्या संघटनेत गेली आणि ब्लू-रे प्लेअर विकू लागली. ज्यांनी सुरुवातीचे महागडे ब्लू-रे प्लेअर घेतले, त्यांनाही नंतरच्या डिस्कवरच्या काही सोयी मिळाल्या नाहीत, कारण मधल्या काळात नियम वाढले होते. एचडी डीव्हीडीला देशांची कुंपणं नव्हती, ब्लू-रेने जगाचे तीन भाग केले. भारत, चीन, रशिया 'सी' भागात. अमेरिकेतल्या भावाने पाठवलेली डिस्क इथल्या प्लेअरवर चालेलच असं नाही. आणि हे सगळं चालू असताना, जानेवारी २००७ मध्ये, नेटफ्लिक्सने गुपचूप इंटरनेटवरून पिक्चर दाखवायला सुरुवात केली होती. बांधावर दोघे भांडत असताना पलीकडून हायवे गेला. सॅमसंगने २०१९ मध्ये नवे ब्लू-रे प्लेअर काढणं थांबवलं. सोनीने लिहिता येणाऱ्या कोऱ्या ब्लू-रे डिस्क बनवणं फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद केलं. आपली मोझर बेअर तर २०१८ मध्येच दिवाळखोरीच्या कायद्याखाली अवसायनात गेली.

आता कुणी म्हणेल, जुनी मढी का उकरतोस? तर सांगतो.

बाजार मोकळा सोडला की चांगलं ते जिंकतं असं आपल्याला सांगितलं जातं. या भांडणात ते दिसत नाही. इथे करार जिंकले, आणि दोन वर्षांचा खर्च लोकांनी भरला. उलट जिथे कुणीतरी मध्ये पडून 'एकच नियम' म्हटलं, तिथे सामान्य माणसाचं भलं झालं. आपल्या बाजारपेठेतलं उदाहरण घ्या. भाजीवाल्या मावशींच्या गाडीवर एकच क्यूआर कोड असतो, तुम्ही कोणत्याही ॲपवरून पैसे द्या. हे आपोआप झालेलं नाही. आपापल्या कंपनीपुरते चालणारे कोड बंद करून सगळीकडे चालणारे कोड ठेवा, असं रिझर्व्ह बँकेने २०२० मध्ये बजावलं आणि ३१ मार्च २०२२ ची मुदत दिली. नाहीतर मावशींना भाजीपेक्षा कोडचे पुठ्ठेच जास्त मांडावे लागले असते. युरोपने २०२४ च्या शेवटापासून नव्या मोबाइलना एकच टाइप-सी चार्जिंग सक्तीचं केलं, तेही याच कारणासाठी.

म्हणून 'स्टँडर्ड' हा शब्द आला की तो इंजिनिअर लोकांचा विषय म्हणून सोडून देऊ नका. स्मार्ट मीटर असो, इलेक्ट्रिक स्कूटरचं चार्जिंग असो, ग्रामपंचायतीचं सॉफ्टवेअर असो. ग्रामसभेत, नगरपालिकेत एक साधा प्रश्न विचारा: उद्या ही कंपनी गेली तर आमचं काय चालेल आणि आमची माहिती कुणाच्या हातात राहील? मी बैठकांना बसतो. हा प्रश्न तिथे क्वचित ऐकू येतो.

आणि एक घरचं काम. तुमच्या कपाटात लग्नाची कॅसेट असेल, बारशाची सीडी असेल, साठीशांतीची डीव्हीडी असेल. त्यात आता हयात नसलेली माणसं चालताबोलताना असतील. आमच्याकडे माझ्या आजीचा आवाज फक्त एका डीव्हीडीत होता, चुलतबहिणीच्या लग्नात उखाणा घेताना. आजकालच्या लॅपटॉपला डिस्क घालायची जागाच नसते. गावातल्या फोटो स्टुडिओत एखादा जुना ड्राइव्ह चालू आहे तोवर जाऊन हे सगळं कॉपी करून घ्या. दोन ठिकाणी ठेवा, एक आपल्याकडे, एक भावाकडे.

भावाशी बांधावरून बोलणं बंद असेल, तर तेवढ्यासाठी सुरू करा.

तुमच्या घरात सगळ्यात जुनी कॅसेट किंवा डिस्क कोणती आहे, आणि ती चालवायचं यंत्र अजून आहे का? कमेंटमध्ये लिहा. आपल्या तालुक्यात कुठे कॉपी करून मिळतं हे माहीत असेल तर तेही लिहा, चार जणांची सोय होईल.